टेंगूळ दिसले म्हणजे ऑपरेशनच, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खांदा निखळण्यावरील आपल्या लेखात खांद्याचा मुख्य सांधा आणि कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाचा सांधा यांची सरमिसळ झाली आहे. बोलताना दोन्हींना ‘खांदा निखळला’च म्हणतात, पण उपचार अगदी निराळे.

हा दुसरा, म्हणजे कॉलरबोन आणि खांद्याच्या माथ्याचे हाड (अॅक्रोमियन) यांचा एसी जॉइंट, दोन ठिकाणी बांधलेला असतो. सांध्याभोवतीची लिगामेंट (हाडे बांधून ठेवणारे चिवट पट्टे) हाडाला पुढे-मागे सरकू देत नाहीत. कोनॉइड आणि ट्रॅपेझॉइड ही लिगामेंटची जोडी कॉलरबोनला खालच्या कोराकॉइडशी (खांद्याच्या पात्याच्या पुढे आलेल्या टोकाशी) बांधते आणि हाताचा भार पेलते. खांद्यावर आपटल्यावर आधी पहिली तुटतात, मार जोराचा असेल तर ही जोडीही. मग टेंगूळ येते आणि हाड वर चढले असे वाटते. खरे तर हाड फारसे हललेले नसते. हातच खाली ओघळलेला असतो. म्हणूनच झोपवून काढलेला एक्स-रे फसवतो. तो उभ्याने, दोन्ही खांदे एका फिल्मवर, एक्स-रेची नळी 10 ते 15 अंश वर कलवून आणि एक्स्पोजर कमी ठेवून काढावा, नाहीतर सांधा काळा पडून दिसतच नाही. काखेतून वेगळा एक्स-रे घेतला नाही, तर मागे स्नायूत घुसलेले कॉलरबोनचे टोक हमखास नजरेतून सुटते.

अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक रॉकवुड यांच्या 1984 च्या वर्गवारीत या इजेचे सहा प्रकार आहेत. पहिल्या दोघांना झोळी आणि व्यायाम पुरतो. चौथा, पाचवा, सहावा बहुधा ऑपरेशनचे. वाद आहे तो तिसऱ्याचा. त्यात टेंगूळ राहिले तरी बहुतेकांचा हात वर्षभरात कामाला येतो आणि ऑपरेशन केलेल्यांच्या तुलनेत फारसा फरक उरत नाही. चिकटपट्ट्यांनी हाड दाबून ठेवण्याचा हट्ट मात्र सोडावा. हाड बसत नाही, कातडी तेवढी सोलते.

ऑपरेशन ठरलेच तर ते पहिल्या तीन आठवड्यांत व्हावे. पुढे तुटलेल्या टोकांची जुळण्याची ताकद ओसरते. मग नुसते बांधून भागत नाही, मांडीमागची स्नायूरज्जू काढून नवे लिगामेंट करावे लागते.

पद्धत कोणती, हे रुग्णाने विचारलेच पाहिजे. नुसत्या के-वायर (हाडातून घातलेल्या बारीक धातूच्या तारा) टाकणे आता टाळावे. खांद्याच्या हालचालीने त्या सैल होतात, मोडतात आणि सरकत छातीत शिरतात; फुप्फुस व हृदयापर्यंत पोहोचल्याच्या नोंदी आहेत. हुक प्लेट पक्की बसते, पण तिचा आकडा अॅक्रोमियनखाली अडकवलेला असतो आणि हात वर नेताना तिथले हाड कुरतडतो. म्हणून ती साधारण तीन-चार महिन्यांनी काढायचीच असते. दुखणे थांबले की रुग्ण फिरकत नाही, तेव्हा काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यावी. कॉलरबोन आणि कोराकॉइड यांना भोके पाडून बटण आणि जाड दोऱ्याने बांधण्याच्या पद्धतीत सहसा काढण्यासारखे काही नसते, पण कोराकॉइडचे भोक बरोबर मध्यावर हवे. कडेला गेले तर हाडाची कड फुटून बटण सुटते. शिवाय हा दोरा हाड वर-खाली धरतो, पुढे-मागे नाही. त्यासाठी सांध्याभोवतीची लिगामेंटही शिवावी लागतात आणि घाईत नेमके तेच राहून जाते.

नंतरच्या सहा आठवड्यांतला खरा शत्रू हाताचे स्वतःचे वजन. हात लोंबकळत ठेवून झुलवण्याचा नेहमीचा व्यायाम इथे नको. पाठीवर झोपून, दुसऱ्या हाताच्या आधाराने हात उचलावा, तोही खांद्याच्या पातळीपर्यंतच. जड उचलणे तीन महिन्यांनंतर. धक्काबुक्कीचे खेळ चार ते सहा महिन्यांनी.

आपला,
एक अस्थिशल्यचिकित्सक