दिव्यांगांचा सल्ला काम उरकल्यावर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्य दिव्यांग सल्लागार मंडळावरची कालच्या अंकातली बातमी वाचली आणि रात्री उशिरापर्यंत डोक्यातून गेली नाही. मंडळ काय, नुसता सल्लाच देणार, बैठक पुढे ढकलली म्हणून कुणाचे काय अडते, असा त्या बातमीचा सूर आहे. माझे अडले आहे, म्हणून हे पत्र.

बातमीत कायद्याचे नाव आले, पण कायदा काय म्हणतो ते आले नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याच्या कलम 66 प्रमाणे हे मंडळ नेमणे राज्याला भागच आहे. खात्याचे मंत्री अध्यक्ष, सचिव आणि आमदार सदस्य. शिवाय संस्था-संघटनांच्या वतीने 10 जण घ्यायचे, ते शक्यतो दिव्यांगच असावेत, त्यांत निदान 5 महिला असाव्यात, अनुसूचित जाती आणि जमातीतून निदान एकेक जण असावा, इथपर्यंत कायद्याने लिहून ठेवले आहे. 6 महिन्यांतून एक तरी बैठक झालीच पाहिजे हेही त्यातच आहे. इतके सगळे लिहिलेले असताना 2018 साली नेमलेले आपले मंडळ 2020 पासून ठप्प होते. कारण काय, तर अशासकीय सदस्यांच्या जागा भरल्या नाहीत. करोनाचे कारण एखादे वर्ष समजून घेऊ, पुढच्या वर्षांचे काय? शेवटी जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सरकारला खडसवावे लागले. आणि मूळ प्रकरण होते मुंबईच्या फुटपाथवर रोवलेल्या खांबांचे. दोन खांबांच्या मधून व्हीलचेअर जात नव्हती. व्हीलचेअरवर बसणारा एक माणूस आधी मंडळाच्या बैठकीत टेबलाशी असता, तर खांबांतले अंतर त्याने दोन मिनिटांत सांगितले असते. तो सल्ला फुकट मिळाला असता. न विचारल्यामुळे प्रकरण कोर्टापर्यंत गेले.

राज्याच्या मंडळाची बैठक मी पाहिलेली नाही. त्याच कायद्यातल्या जिल्हास्तरीय समितीची पाहिली आहे, म्हणजे बाहेरून पाहिली आहे.

मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा, आहे आणि दोन्ही काखांत कुबड्या. आमच्या संघटनेतर्फे मला त्या बैठकीचे पत्र आले होते. पावसाळ्याचे दिवस. एका सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावरच्या सभागृहात बैठक. इमारतीला रॅम्प होता, नवा कोरा. त्याला काळा गुळगुळीत ग्रॅनाइट बसवला होता. पावसाचे पाणी त्यावरून ओघळत होते आणि कुबडीचे रबर टेकले की सरकत होते. कठडा एकाच बाजूला, उजवीकडे. माझा जोर डाव्या हाताचा. चढ 1 फूट उंचीला 12 फूट लांबी असा ठेवायचा असतो. हा त्याच्या निम्माही लांब नव्हता, पायऱ्यांच्या शेजारी उरलेल्या जागेत कसाबसा बसवलेला. आणि वर पोचल्यावर दाराला उंबरा. व्हीलचेअरवाला तिथपर्यंत आलाच, तर उंबऱ्यापाशी अडून चढावर उभा राहणार, मागे घसरण. हे काम मोजून-मापून कुणी मंजूर केले असेल, बिलावर सही केली असेल, 'सुगम्य इमारत', म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येईल अशी, म्हणून कुठल्यातरी तक्त्यात बरोबरची खूण केली असेल. ज्याला तो रॅम्प चढायचा आहे अशा एकाही माणसाला मात्र विचारले नव्हते.

मी आत पोचले, तर लिफ्ट बंद. कधी सुरू होईल ते कुणाला ठाऊक नव्हते. एक साहेब जिन्यावरून खाली आले आणि अगदी चांगल्या शब्दांत म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका. दोन शिपाई देतो, खुर्चीसकट उचलून वर नेतील." संपादक महाशय, मी पन्नाशी ओलांडलेली बाई. साडी नेसलेली, कॅलिपर बांधलेला. दोन परक्या पुरुषांनी मला खुर्चीसकट उचलायचे, जिन्यात लोक थांबून बघणार, हात सुटला तर काय होईल ते वेगळेच. मी नाही म्हणाले. बैठक खाली घ्या, खाली एक मोठी खोली रिकामी दिसते आहे, असे सुचवले. त्यावर उत्तर आले की वर प्रोजेक्टर लावलेला आहे.

बैठक वर झाली. मी खाली बाकावर बसून होते. थोड्या वेळाने शिपाई हजेरीपट घेऊन आला, सही करा म्हणाला. गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, हवी होती. मी सही केली नाही. मी बैठकीला नव्हते, मग सही कशाची करू? त्यावर तेच साहेब, ज्यांनी आधी काळजी करू नका म्हटले होते, ते नाराज झाले. पुढे इतिवृत्त आले त्यात माझ्या नावापुढे 'अनुपस्थित' असा शेरा. मी विचारायला नेलेले प्रश्न पिशवीतच राहिले. नगरपालिकेने दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी कशावर खर्च केला त्याचा हिशेब, एसटी स्टँडवर आमच्यासाठी बांधलेल्या शौचालयाला कायम कुलूप का असते, आणि आणखी काही. इतिवृत्तात त्या विषयांपुढे 'चर्चा झाली' असे लिहिले आहे. कुणी केली चर्चा?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की सल्ला नकाशा काढताना विचारा. काम झाल्यावर, बिल निघाल्यावर आम्हाला बोलावून उपयोग नाही. सुगम्यतेच्या नियमांना धरून नकाशा नसेल तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही आणि काम पूर्ण झाल्याचा दाखलाही द्यायचा नाही, असे याच कायद्याच्या कलम 44 मध्ये आहे. मग दाखला देण्याआधी समितीतल्या दिव्यांग सदस्याने ती इमारत स्वतः चढून-उतरून पाहिली पाहिजे, असा आदेश काढायला काय हरकत आहे? सर्वोच्च न्यायालयाने तर 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सांगितले, की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे करा, आणि त्यासाठी केंद्राला 3 महिने दिले. कायद्याप्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून 5 वर्षांत सुगम्य व्हायच्या होत्या. नियम जून 2017 चे. ती मुदत 2022 मध्येच संपली.

दुसरे असे, की दिव्यांगांच्या तक्रारी पाहणाऱ्या दिव्यांग आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाने 3 महिन्यांत कारवाई कळवायची, आणि शिफारस मान्य नसेल तर का नाही ते आयुक्तांना आणि तक्रारदारालाही कळवायचे, अशी कलम 81 मध्ये सोय आहे. सल्लागार मंडळाच्या आणि जिल्हा समितीच्या शिफारशींनाही हाच नियम लावा. मंडळ फक्त सल्ला देते हे मला मान्य आहे. पण सल्ला मानला नाही तर कारण लेखी द्या. ते कारण वाचून आम्ही पुढे भांडू, ती आमची तयारी आहे. 2011 च्या जनगणनेत राज्यात 29 लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. या सगळ्यांच्या वतीने बोलायला कायद्याने जी खुर्ची दिली आहे ती रिकामी ठेवणे हा आमचा हक्क हिरावून घेणे आहे, मग बातमी काहीही म्हणो.

आता आपल्याविषयी. कालच्याच अंकात आतल्या पानावर तीनचाकी सायकल वाटपाचे छायाचित्र आहे. पुढारी रांगेने उभे, त्या सर्वांची नावे पदांसकट छापली आहेत. सायकलवर बसलेली मुलगी मध्यभागी आहे आणि तिचे नाव नाही. ती कुठल्या गावची, शाळेत जाते का, सायकल तिच्या मापाची आहे का, काही नाही. मला तरी फोटोत तिचे पाय टेकलेले दिसले नाहीत. माप न घेता दिलेली सायकल महिनाभरात अंगणात गंजत पडते, हे मी आमच्या भागात पाहिले आहे. आपल्या वार्ताहराने पुढच्या वेळी सायकलवर बसणाऱ्याशी आधी बोलावे.

आणि त्याच वार्ताहराला मंत्रालयात पाठवून मंडळाची पुढची बैठक कधी, आधीच्या बैठकांची इतिवृत्ते कुठे वाचायला मिळतील, हे विचारून छापावे, ही विनंती. आम्ही विचारले की माहिती अधिकारात अर्ज करा म्हणतात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)