बीटाचा रस आणि रक्तदाब: दावा खरा, पण अपुरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बीटाच्या रसाने रक्तदाब उतरतो, अशा आशयाचा मजकूर आरोग्य पुरवण्यांतून वरचेवर वाचायला मिळतो. हा दावा निराधार नाही. मात्र तो ज्या प्रयोगांवर उभा आहे ते किती माणसांवर आणि किती दिवस झाले, हे सहसा छापले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

बीट, पालक, मुळा यांसारख्या भाज्यांत नायट्रेट भरपूर असते. रक्तात गेलेल्या या नायट्रेटपैकी सुमारे चौथा हिस्सा लाळेवाटे पुन्हा तोंडात येतो, तेथे जिभेच्या मागच्या भागावरील जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि गिळलेल्या लाळेतून शरीरात गेलेल्या या नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींनी अर्धा लिटर बीटाचा रस घेतल्यावर अडीच-तीन तासांत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० मिलिमीटरने उतरला. पण ज्यांना लाळ न गिळता थुंकून टाकायला सांगितले, त्यांच्यात हा परिणाम दिसलाच नाही. जंतुनाशक माउथवॉशने दिवसातून दोनदा चुळा भरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी, कारण त्याने हेच जीवाणू मरतात.

आता दुसरी बाजू. लंडनच्या त्या प्रयोगात सहभागी होते अवघे १४ जण. त्याआधी २००६ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी १७ निरोगी तरुणांना तीन दिवस नायट्रेट दिले, तेव्हा खालचा रक्तदाब ३.७ मिलिमीटरने कमी झाला, वरच्यात लक्षणीय फरक पडला नाही. काही तासांची किंवा तीन दिवसांची ही घट वर्षानुवर्षे टिकते, असे या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. शिवाय अर्धा लिटर रस म्हणजे दोन मोठे पेले. कोशिंबिरीतल्या चार चमचे किसलेल्या बीटाकडून तेवढीच अपेक्षा ठेवणे हिशेबात बसत नाही.

आपल्या स्वयंपाकाच्या रीतीही यात आड येतात. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते; पालक उकडून हिरवे पाणी मोरीत ओतले, की त्यातला बराच वाटा पाण्याबरोबर जातो. आमच्या बागेच्या फाटकाशी पहाटेपासून रसाची गाडी लागते. तेथे बीट-गाजराच्या रसात काळे मीठ चिमटीने नव्हे, चमच्याने पडते, आणि तो लालभडक पेला हातात घेऊन मंडळी रक्तदाबावर बोलत असतात!

आमच्याबरोबर फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी अशाच मजकुराच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली. महिन्याभराने कपाळ ठणकू लागले म्हणून तपासले, तर यंत्रावर वरचा आकडा १७८ होता. वर उल्लेखिलेले सहभागी निरोगी होते आणि कोणाचीही गोळी सोडवण्यासाठी ते प्रयोग झाले नव्हते, हे त्या मजकुरात एका ओळीने सांगता आले असते. यापुढे असे काही छापताना प्रयोगातील माणसांची संख्या, कालावधी आणि रसाचे प्रमाण या तीन गोष्टी आवर्जून द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा