फोन उचलत नाही म्हणजे माज नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत आमच्याकडे जे झालं त्यावरून लिहितेय. माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी डिप्रेशन असा मनाचा आजार, बारा वर्षं झाली. यंदा आरतीला सगळे जमलेले, मामा-मामी खास चिंचवडहून आले आणि दादा आतल्या खोलीत दार लोटून पडलेला. वहिनी दोनदा बोलवून आली, शेवटी मामा स्वतः गेले तर त्यांच्यावरच खेकसला. मामा प्रसाद न घेता निघाले, तेव्हापासून येणं नाही की फोन नाही.

मामांना किती लागलं असेल ते कळतं मला. कारण हाच दादा मे महिन्यात त्यांना रात्री एक-एक वाजता फोन करायचा, सगळ्या खानदानाला महाबळेश्वरला न्यायचे प्लॅन करायचा, चितळेंची बाकरवडी घरोघर वाटत फिरला होता. सगळे म्हणाले काय मोकळा झालाय पोरगा! तो मॅनिया होता हो, याच आजारातली अति उत्साहाची बाजू. लोकांना तेवढंच लक्षात राहतं, मग म्हणतात तेव्हा तर तासतास बोलायचा, आता काय झालं? पण बायपोलरमध्ये बहुतेक पेशंटचा मॅनियापेक्षा जास्त काळ डिप्रेशनमध्येच जातो आणि ते म्हणजे नुसतं रडत बसणं नव्हे. दादा रडत नाही, तो चिडतो. मिक्सरचा आवाज नको, टीव्ही नको, पोरीने दोनदा बाबा म्हटलं तरी अंगावर जातो आणि मग रात्रभर त्याच गोष्टीवरून स्वतःला खात बसतो. आंघोळ पाच-पाच दिवस नाही, झोप मात्र दिवसभर.

मागच्या वेळी जरा बरा झाल्यावर मी विचारलं, फोन का नाही रे उचलत? तर म्हणाला, "नाव दिसतं गं, पण उचलला की आधीचे दहा का नाही उचलले ते सांगावं लागणार, म्हणून अकरावाही राहतो. आणि तसंही तुम्ही माझ्याशिवाय सुखात असाल असं वाटतं." हे दुसरं वाक्य ऐकून माझे हातपाय गार पडले. या आजारात आत्महत्येचा धोका खरंच मोठा असतो, त्यामुळे तो बोलत नाही म्हणून आपणही सोडून देणं मला फार भीतीचं वाटतं. अशी वेळ आली तर १४४१६ हा सरकारी टेली-मानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

अजून एक, डॉक्टरकडे जाताना घरच्यांनी ते जास्त बोलण्याचे, कमी झोपेचे दिवससुद्धा सांगा. आम्ही सांगितले नव्हते, आम्हाला तो आजार वाटलाच नव्हता, त्यामुळे सुरुवातीला नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या आणि बायपोलरमध्ये फक्त त्याच दिल्या तर माणूस उलट मॅनियात जाऊ शकतो. आता लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध आहे, रक्त तपासून डोस बघतात, तरी एपिसोड येतातच. "गोळ्या घेत नाही का?" असं वहिनीला विचारणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. सगळ्यात जास्त बोलणी तीच खाते आणि तू कशी आहेस हे तिला कोणी विचारत नाही. आजारी आहे म्हणून त्याचं सगळं गिळा असं मी म्हणत नाही, पोरीवर ओरडला की वहिनी तिला घेऊन सरळ बाहेर पडते आणि ते बरोबरच आहे. बरा झाला की तो स्वतः माफी मागतो, पण तोवर निम्मे नातेवाईक तुटलेले असतात.

मी हल्ली रोज सकाळी पर्वती चढताना एक फोटो काढून त्याला पाठवते, प्रश्न नाही, "कसा आहेस" पण नाही. निळ्या टिक येतात. परवा अंगठा आला.

मामा, तुम्ही हा पेपर रोज वाचता. दिवाळीला या. तो खोलीतून आला नाही तरी वहिनीच्या हातचा चहा घेऊन जा.

– एक बहीण, कोथरूड, पुणे
(कृपया नाव छापू नये)