भुयारातलं वळण

महोदय,

मध्यंतरी आईला घेऊन पुण्याला गेलो होतो. तिथलं सिव्हिल कोर्ट मेट्रो स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. ‘एवढ्या खाली जीव गुदमरेल रे,’ म्हणत ती थबकली. पण छतातून उजेड थेट खाली उतरतो. सरकत्या जिन्यावर तिनं आपणहून माझा हात सोडला!

नाशिकला भुयारी मेट्रो नाही, पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग आहेत. माझ्या रोजच्या वाटेवरच्या एकाला मधोमध काटकोनी वळण आहे. पलीकडे कोण उभं आहे, दिसत नाही. निम्म्या ट्यूबलाइट बंद, फरशी कायम ओली. अंधार पडला की बायका तो टाळून गाड्यांमधून वाट काढत दुभाजक ओलांडतात. त्यांना धोका कळत नाही असं नाही. वरचा निदान दिसतो तरी.

२००३च्या सिंहस्थात अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक दगावले. २०२७च्या निमित्तानं नवे भुयारी मार्ग होणार असतील तर ते सरळ, रुंद आणि दोन्ही तोंडं दिसतील असे आखावेत. जुन्या वळणावर बहिर्गोल आरसा लावायला मात्र सिंहस्थाची वाट कशाला बघायची? ट्यूबलाइट तर याच आठवड्यात बदलता येतील.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक