दादाच्या नावाचे कागद

ती. आई आणि ती. बाबा यांना,

सा. न. वि. वि.

फोनवर ‘तुमच्यानंतर दादाचं काय’ हा विषय निघाला की आई, तू रडतेस आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहायचं ठरवलं. दोघं मिळून वाचा.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, ‘घर तुझ्या नावावर करून टाकतो, मग दादाची चिंता मिटली.’ मला ते घर नको. दादाला मी कधी अंतर देणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण बौद्धिक अक्षमता असलेल्या दादाचं उभं आयुष्य माझ्या चांगुलपणावर सोडू नका. उद्या माझंच काही बरंवाईट झालं, तर घर माझ्या वारसांकडे जाईल आणि कागदावर दादाचा त्याच्याशी काहीच संबंध उरणार नाही.

त्यापेक्षा मृत्युपत्रातच दादाच्या हितासाठी ट्रस्ट करा. घर तुम्ही स्वतःच्या कमाईचं बांधलंय, त्यामुळे ते कुणाला आणि कसं द्यायचं हे तुम्ही ठरवू शकता. 1882च्या कायद्याखाली असा खासगी ट्रस्ट करता येतो. विश्वस्त म्हणून मी एकटी नको. मामाचा मुलगा असू दे, आणि दादाच्या कार्यशाळेतल्या बाई तयार झाल्या तर त्याही. दादाला राहायचं तोवर तो त्याच घरात राहील. विकायची वेळ आलीच, तर पैसा त्याच्यासाठीच वापरावा लागेल. मी एकटी काही करू शकणार नाही, आणि मला तेच हवंय.

दुसरी गोष्ट पालकत्वाची. बँकेत त्याची एफडी मोडायला गेलात तेव्हा साहेबांनी कायदेशीर पालकाचं प्रमाणपत्र मागितलं. ‘मी त्याचा बाप आहे, अजून कसलं प्रमाणपत्र?’ असं तुम्ही म्हणालात. तुमचं दुखणं मला समजतं. अडतीस वर्षं ज्याला न्हाऊमाखू घातलं, त्याच्यासाठी हा प्रश्न ऐकणं सोपं नाही. पण मूल अठराचं झालं की आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. दादासारख्यांसाठी 1999चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना तो लागू होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. आज तुम्ही हयात आहात, तर पालक कोण हवं ते तुम्हीच सुचवू शकता. तुमच्या पश्चात मला हा अर्ज एकटीला करावा लागेल, तेव्हा दादाला काय आवडतं हे तुमच्या तोंडून सांगणारं कुणी नसेल.

या कायद्यातला मला सर्वांत पटलेला भाग असा की तो पालकावरही लक्ष ठेवतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत दादाच्या मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा. पालकाने हयगय केली किंवा त्रास दिला तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला हटवण्याची मागणी करू शकतात. पालक मी असले तरी माझ्यावर ही नजर असायलाच हवी.

आणि सगळंच पालकाच्या हाती द्यायचं नसतं. पालकाची गरज कशासाठी आहे हे समितीही पाहते. बँक आणि दवाखाना यांसाठी दादाला मदत लागते. पण कुठला शर्ट घालायचा, कुणाबरोबर चहा प्यायचा, कार्यशाळेत फाइली चिकटवायच्या की मेणबत्त्या करायच्या, हे तो स्वतः ठरवतो आणि पुढेही ठरवेल. अर्जाच्या दिवशी त्याला सोबत नेऊ. त्याच्याविषयी बोलणं चाललेलं असताना तो बाहेर बाकावर बसलेला मला बघवणार नाही.

बाबा, तुमच्या पेन्शनचं पण बघायला हवं. पाटबंधारे खात्यातून तुम्ही निवृत्त झालात, म्हणजे स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला तुम्हा दोघांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्यासाठी दादाचं नाव आणि सिव्हिल हॉस्पिटलचं प्रमाणपत्र तुमच्या हयातीत नोंदवून ठेवलं, तर पुढे हेलपाटे कमी होतील. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, झालेलं आहेच. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात एक लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळतो, तो अर्जही कार्यशाळेतून भरून घेऊ.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. अपंग व्यक्तीला 1987च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. साताऱ्यात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, आधी तिथेच विचारू. मृत्युपत्राचा मसुदा मात्र आपल्या नेहमीच्या वकिलांना दाखवू.

आई, आता तुझं काम, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. एक वही कर. दादाला दुखलं तरी तो सांगत नाही, डावा कान ओढत बसतो, हे तुला माहीत आहे, डॉक्टरांना नाही. फिटची गोळी जेवणाआधी दिली तर तो थुंकतो, वरणभाताच्या पहिल्या घासाबरोबर घेतो. अनोळखी घरात झोपताना दिवा लागतो. सुचेल तसं लिही, क्रम नको. लिहायचा कंटाळा आला तर सांग, मी लिहून घेईन.

आणखी एक, नाराज होऊ नका. पुणे जिल्ह्यातल्या कोळवणच्या साधना व्हिलेज या संस्थेत एकदा जाऊन येऊ. 1994पासून तिथे बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं घरासारख्या घरांत एकत्र राहतात. दादाला आपण कुठे ‘टाकत’ नाही आहोत. पण आपण धडधाकट असताना, त्याच्या सोबत, त्याला काय रुचतं ते पाहिलं तर पुढे घाईत निर्णय घ्यावा लागणार नाही. त्याला नाही आवडलं तर विषय संपला. आमच्याकडे यावर बोलणं झालंय, दादा आमच्याकडे राहायला आला तर खोली तयार आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते. दादाचा जन्मदाखला, आधार, युडीआयडी, आयक्यूचा जुना रिपोर्ट, बाबांचा पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि घराचा सातबारा वा मालमत्ता पत्रक, जे असेल ते, काढून ठेवा. रिपोर्ट बहुतेक आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली आहे. दादाला सांगा, फोटोस्टुडिओत जायचंय, निळा शर्ट घाल.

तुमची,
धाकटी