भावनांना गुण नकोत

बालवाडीत मुलांना भावना ओळखायला शिकवावे, हे आपल्या रविवारच्या अंकातील लेखाचे म्हणणे पटले. मात्र त्यासाठी आठवड्याला एक वेगळा तास ठेवून प्रगतिपुस्तकात त्याची श्रेणी द्यावी, ही सूचना पटली नाही. डबा सांडला म्हणून हुंदके देणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला ‘मुलगे कधी रडतात का?’ असे दटावायचे आणि शुक्रवारी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवून ‘दुःख’ ओळखायला लावायचे, याने काय साधणार? ‘डबा सांडला, वाईट वाटलं ना?’ एवढे त्याच क्षणी बाईंनी जवळ बसून विचारले, तर मूल पुढच्या वेळी स्वतःहून सांगू लागते. शिवाय ३ ते ६ वर्षांच्या मुलांना चाचण्या-परीक्षा सर्वस्वी अयोग्य असल्याचे २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच म्हटले आहे. श्रेणी आली की पालक (आपले बडोद्याचे पालक तर नक्कीच) त्याचीही शिकवणी शोधतील. त्यापेक्षा वर्गातील मुलांची संख्या बाईंना प्रत्येकाकडे पाहता येईल इतकी ठेवावी आणि बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणात रडणाऱ्या, रुसलेल्या मुलाशी कसे बोलावे याचा प्रत्यक्ष सराव घ्यावा.

— एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे