दिनविशेषातल्या तारखा तपासून घ्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

एकाच दिवशी गेलेल्या कलावंतांची छोटी चरित्रं छापताना वर्ष गाळू नये. 27 एप्रिल घ्या. फिरोज खान 2009 मध्ये गेले, विनोद खन्ना 2017 मध्ये. दोघांनाही कर्करोगानं नेलं. 'कुर्बानी' (1980) मध्ये दोघंही होते, दिग्दर्शन फिरोज यांचं. एवढा धागा दिला तरी चार ओळींत भागतं. चित्रपटांची जंत्री वाचतो कोण?

अमेरिकन अभिनेत्री फॅरा फॉसेट आणि गायक मायकल जॅक्सन मात्र खरोखरच एका दिवशी, 25 जून 2009 ला गेले. सकाळी फॉसेट गेल्या, दुपारी जॅक्सन, आणि फॉसेट यांची बातमी झाकोळली. लॉस एंजेलिसमध्ये दुपारी 2.26 ला जॅक्सन यांना मृत घोषित केलं, तेव्हा आपल्याकडे 26 जूनचे पहाटे 2.56 वाजले होते. इथल्या घड्याळावर गेलं की तारीख चुकलीच. जिथं मृत्यू झाला तिथलीच तारीख धरावी.

मराठवाड्यातल्या शाहीर, भारूडकार, तमासगिरांचं याहून अवघड. घरचे तिथी सांगतात, 'कार्तिक वद्य एकादशी'. ती दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. त्यासाठी वर्ष विचारून ग्रामपंचायतीतली मृत्यूनोंद पाहावी. शिवाय फडाचं अन् गावाचं नाव हवंच, नाहीतर एका आडनावाचे दोन शाहीर एकात मिसळतात.

आपला,
एक वाचक, परभणी